शेवग्याच्या ढोलीत

तो पक्षी पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, शेवग्याची साल सुटून खाली पडली आहे. मग ती साल दोन पावलं चालली.

जानेवारीचे पहिले दिवस होते. लासुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला आमचं घर आहे. घरापुढे बायकोची बाग, बागेच्या कडेला जुना पोखरलेला शेवगा, आणि त्याच्या फांदीला मी टांगलेला पक्ष्यांचा डबा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला तीन बाजूंनी खिडक्या कापल्या की झाला. त्यात रोज सकाळी बाजरी, तांदळाची कणी आणि पिकलेल्या पेरूच्या फोडी टाकायच्या. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी उसाचा रस तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर हाताला तपासायला काहीतरी हवं होतं, म्हणून पक्षी. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या हे घरचेच. थंडीत येणारे पाहुणे मी वहीत लिहून ठेवतो. कधी आला, काय खाल्लं, किती वेळ थांबला. बायको म्हणते, सोयऱ्यांची एवढी चौकशी कधी केली नाही.

हा पाहुणा मात्र डब्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. पेरूचा रस खाली गळायचा, त्यावर मुंग्यांची रांग लागायची, आणि हा त्या रांगेपाशी बसायचा. चोच हललेली दिसायची नाही, फक्त मुंग्या कमी व्हायच्या. चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान. करडा-तपकिरी रंग, त्यावर बारीक काळ्या रेघा, आणि डोक्यापासून पाठीपर्यंत मधोमध एक काळा पट्टा. वहीत पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘रातवा?’ दुसऱ्या दिवशी ते खोडून ‘लावा, मादी?’ तिसऱ्या दिवशी नुसतं प्रश्नचिन्ह.

फोटो काढला एकदाचा, पण तोही बिघडला. बटण दाबताना त्यानं मान अशी काही वळवली की डोकं उलटं बसवल्यासारखं दिसत होतं. मला ते बघून उगाच कसंतरी झालं.

तो फोटो कुणाला पाठवायचा हे मला चांगलं माहीत होतं. उजनीच्या पाण्यावर होडीतून लोकांना रोहित पक्षी दाखवणारा एक होडीवाला माझ्या ओळखीचा आहे. शाळा बेताची, पण पंख फडफडला तरी पक्षी ओळखतो. आदल्या वर्षी त्याच्या होडीत बसून मी पुण्याच्या पाहुण्यांना मोठ्या रुबाबात सांगितलं होतं की ही अमुक पक्ष्याची मादी. तो वल्हं न थांबवता म्हणाला, “आबा, मादी न्हाय ती, पिल्लू हाय.” सगळी होडी हसली. तेव्हापासून त्याला काही विचारायचं म्हटलं की माझा अंगठा अडायचा. चार दिवस मी तो फोटो उघडत होतो आणि मिटत होतो. आपणच शोधू म्हणत होतो. त्या अडलेल्या अंगठ्याचा मला आजही राग येतो.

त्याच आठवड्यात शेजारच्या फडाला ऊसतोड आली होती. फड माझ्या चुलतभावाचा. त्याला सगळे तात्या म्हणतात, मीही. उसाचा फड तुटला की आत दडलेलं सगळं बाहेर पडतं, उंदीर, घुशी, रानमांजरं, आणि उंदरांच्या मागावर असलेलं जनावरही. तिन्हीसांजेनंतर आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. तोडणाऱ्यांनी बांधावर एक घोणस मारली. तात्यानं मुद्दाम बोलावून मला दाखवली आणि डब्याकडे बोट करून म्हणाला, “आबा, दाणं टाकताय, दाण्याला उंदीर येतोय. उंदरामागं कोण येतंय ते बघा.”

मी सापाला भितो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सारा जन्म उसात काढूनही भितो. त्या घोणशीकडे मी एकदाच बघितलं, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

पुढच्या दिवशी बायको लेकीकडे लोणी भापकरला गेली. मुलगा बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात कामाला आहे, त्याची दुपारपाळी. घरात मी, सून आणि चार वर्षांची नात. दिवस मावळला होता, पण उजेड होता अजून. सून आत भाकरी करत होती. मी ओट्यावर वही घेऊन बसलो होतो. नात अंगणात खेळत होती, निदान मला तसं वाटत होतं.

ती किंचाळली. मुलं खेळताना किंचाळतात तसं नाही. मी धावलो तेव्हा ती शेवग्यापाशी उभी होती आणि उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरलं होतं. खोडाला तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक ढोली आहे. मी मूठ सोडवली. बोटावर रक्ताचे दोन ठिपके होते.

“काय झालं गं?”

“चिऊनं मारलं,” ती म्हणाली. “चिऊ हाय आत.”

मी मोबाईलची बॅटरी लावून ढोलीत वाकलो. आत अंधारात काहीतरी वर उठलं. करडं, खवल्याखवल्यांचं, मधोमध काळा पट्टा. ते लांब झालं, एका बाजूला कललं, सावकाश वळत दुसऱ्या बाजूला गेलं, आणि मग फुस्स करून माझ्या तोंडावर आलं.

मी मागच्या मागे पडलो. पडता पडताच ओरडलो, “साप हाय! साप!”

नंतर किती वेळा मी ते क्षण उलटसुलट करून बघितले. साप हा शब्द आधी मीच काढला होता, दुसरं कुणी नाही. वही घेऊन बसणारा, कारखान्यात एकेक नमुना दोनदा तपासल्याशिवाय सही न करणारा मी, त्या जिवाचं निदान दोन श्वासांत करून मोकळा झालो.

सून पिठाच्या हातानं धावत आली. माझा आवाज ऐकून बांधावरून तात्या काठी घेऊन आला. त्यानंही बॅटरी मारली, आणि तोही दचकून मागे सरला. “फुरसं हाय का घोणशीचं पोर हाय, कळंना. पर फुसकारतंय.” तो बोट दोरीनं आवळायला निघाला होता, पण सुनेनं त्याचा हात धरला. तिनं कुठंतरी वाचलं होतं की आवळायचं नसतं. तेव्हा तात्यानं कुंपणाच्या कडुलिंबाची डहाळी ओरबाडली आणि पाला नातीच्या तोंडात कोंबला.

आमच्या भागात हे अजून करतात. साप चावलेल्याला लिंबाचा पाला चारायचा. कडू लागला तर विष भिनलं नाही, चव लागली नाही किंवा गोड लागला तर विष चढलं. मी आयुष्यभर या परीक्षेची चेष्टा करत आलो. लॅबमध्ये पोरांना सांगायचो, असली परीक्षा घेऊन साखर काढली असती तर कारखाना बुडाला असता.

“चाव. चाव गं माझी बाई,” तात्या म्हणाला. “कसं लागतंय? कडू लागतंय का?”

नातीनं चावलं. तोंड वेडंवाकडं झालं का ते झाडाखालच्या अंधारात मला दिसलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “गोड हाय.”

सून तिथंच मटकन खाली बसली. तात्याच्या हातातली डहाळी पडली. आणि मी, चेष्टा करणारा, त्या ‘गोड’वर विश्वास ठेवून बसलो.

सूनच उठली. पिठाचे हात साडीला पुसून किल्ली घेऊन आली. चारचाकी तिलाच चालवता येते, मला येत नाही. तात्या मात्र जागचा हलला नाही. “तुमी व्हा फुडं. मी ह्याला जाऊ देत न्हाय. डाक्टरला दाखवाय लागतं कोंचं व्हतं ते.” आमच्याकडे जनावर मारून दवाखान्यात न्यायची रीत आहे. गाडी वळवताना मी बघितलं, तात्या पाटातला चिखल ओंजळीनं आणून ढोलीत कोंबत होता आणि काठीनं आत ठासत होता.

लासुर्ण्याहून बारामतीला जायला एरवी किती वेळ लागतो ते मला विचारू नका. त्या दिवशी रस्ता संपतच नव्हता. कारखान्यांचा हंगाम, पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, गाणी मात्र कान फाटतील अशी. सून हॉर्नवरचा हात काढत नव्हती. समोरून दिवे आले की ती गाडी मागे घ्यायची, गेले की पुन्हा बाहेर काढायची. एकदा ट्रॉलीतून लोंबणारा ऊस आमच्या काचेला खरवडत गेला.

मागे मी नातीला मांडीवर घेऊन बसलो होतो. तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या.

“झोपू देऊ नका, आबा,” सून आरशात बघून म्हणाली.

गाडीत बसलं की ही पोरगी रोजच झोपते. पण नागाच्या आणि मण्यारीच्या विषानं आधी पापण्याच पडतात हेही मी ऐकलं होतं. आता यातली ही कुठली झोप, हे कोण सांगणार. मी तिच्या गालावर टिचक्या मारत होतो, पाय हलवत होतो, काय वाट्टेल ते विचारत होतो. आजी कुठं गेली, पप्पा कुठं गेले, गाईचा रंग कुठला. ती पेंगत पेंगत उत्तरं द्यायची आणि मधेच म्हणायची, “आबा, चिऊचं घर हाय तितं. मी हात घातला.”

“गप, बाळा. डोळे उघड,” मी म्हणायचो. मला ती भ्रमात बोलतेय असं वाटत होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी नातीला बसवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, बोट धुतलं, भिंगातून बघितलं. एक ओरखडा होता आणि एक बारीक टोचल्यासारखी खूण. “दाताची खूण स्पष्ट नाही,” त्या म्हणाल्या. “साप कुणी बघितला?”

“मी.”

“काय बघितलं ते नीट सांगा. घाई करू नका. फुरसं किंवा घोणस असेल तर रक्तात कळेल. इंजेक्शन आहे आपल्याकडे, पण त्याचाही त्रास होऊ शकतो. लहान मूल आहे, कारण असल्याशिवाय मी ते देणार नाही.”

म्हणजे माझ्या सांगण्यावर ते येऊन थांबलं होतं. मी सांगायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच नीट आठवत नाही. रंग करडा की तपकिरी, डोकं त्रिकोणी की लांबट, शेपूट दिसली का, किती जाड. काही विचारलं की मी हो म्हणत होतो. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि लिहिणं थांबवलं.

नातीचं रक्त घेतलं, कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर स्टँडमध्ये उभी केली. वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं. कारखान्यात अशा नळ्यांवर माझी जिंदगी गेली. एकाही नळीची मला कधी भीती वाटली नव्हती. ही नळी हलेल म्हणून मी टेबलापासून दोन हात लांब उभा राहिलो.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी नातीच्या ओठाला लागलेलं हिरवं बघितलं. “हे काय?”

मी मान खाली घालून लिंबाचं सांगितलं. आणि ते गोड लागल्याचंही सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी नातीलाच विचारलं, “पाला कसा लागला गं?”

नातीनं पुन्हा माझ्याकडे बघितलं. “गोड.”

सून इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती एकदम सरळ झाली. “आबा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “तुमीच शिकवलंय की तिला.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. थंडी पडल्यापासून नातीला खोकला होता. मी रोज सकाळी तिला अडुळशाचा काढा पाजत होतो. ती थुंकायची, म्हणून मी एक युक्ती काढली होती. काढा गिळायचा, माझ्याकडे बघून ‘गोड’ म्हणायचं, की हातावर गुळाचा खडा. तोंड वाकडं केलं तर खडा नाही. आठ दिवसांत ती इतकी तयार झाली की काढा ओठाला लागायच्या आधीच गोड म्हणायची. मी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचो.

मी तिच्यापुढे बसलो. “बाळा, खरं सांग. आबा रागवणार न्हाय. पाला कसा हुता?”

“गूळ दे ना,” ती म्हणाली. “मी गोड म्हणलं. दोनदा म्हणलं.” आणि ती रडायला लागली.

मीही रडलो. दवाखान्यात, सुनेसमोर, परक्या बाईसमोर. जे तिला आम्ही पढवलं होतं, ते आम्ही लगेच खरं धरलं होतं. आणि जे ती आपल्या मनानं सांगत होती, त्याला मी तासभर गप गप करत होतो.

मी मोबाईल काढला. त्या पक्ष्याचा फोटो शोधला. सापडला तेव्हा तिच्यापुढे धरला. “ही चिऊ हुती का?”

“व्हय. हिनंच मारलं.” तिनं नाक ओढलं. “ती रोज तितं झोपाय जाती.”

मी फोटो स्वतःकडे वळवला. बिघडलेला म्हणून ठेवून दिलेला तो फोटो. वळवलेली मान, डोक्यावरून पाठीवर गेलेला काळा पट्टा. ढोलीत वर उठलेला तो पट्टा हाच होता. पण खरंच होता का? की नात सुटावी म्हणून मला आता तोच दिसत होता? तासाभरापूर्वी मी स्वतःच्या डोळ्यांनी साप बघितला होता. त्याच डोळ्यांवर आता कसा भरवसा ठेवू?

मी होडीवाल्याला फोटो पाठवला आणि लगेच फोन लावला. काय झालं ते सांगताना माझी वाक्यं तुटत होती. त्यानं मधे अडवलं नाही. फोटो बघितला आणि एकच विचारलं, “मान फिरवून फुसकारली का, आबा?”

“व्हय.”

“मग मानमोडी हाय ती. लांबनं येती थंडीला, मुंग्या खाती. ढोलीत कुणी हात घातला की सापावानी मान करती, फुसकारती. जीव वाचवायला. मलाबी एकदा फसवलंय तिनं, पाण्यात उडी टाकली मी. इखारी न्हाय. घाबरू नका.” मग म्हणाला, “आठ दिस झालं आलीय म्हंता. आदीच पाठवायचा की फोटू.”

मी फोन ठेवला.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरीणबाईंनी नळी उचलली आणि हळूहळू तिरकी केली. सून डोळे मिटून उभी होती. रक्त जागचं हललं नाही. खरवसासारखं घट्ट बसलं होतं.

मी त्यांना मानमोडीचं सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बघितला. “असेल तर चांगलंच आहे, आजोबा,” त्या म्हणाल्या. “पण अंधारात तुम्ही साप म्हणालात, आता पक्षी म्हणताय. मण्यार रक्तात दिसत नाही, तिचं कधी कधी उशिरा कळतं. सकाळपर्यंत मी हिला सोडणार नाही.”

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं. पण मण्यार हा शब्द त्यांनी उच्चारला आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.

जरा वेळानं तात्याचा फोन आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला ते पटेना. मग म्हणाला, “पाखरू? आबा, मी बी बघितलंय की. पाखरू कुठं फुसकारतंय?” आणि मग जे विचारलं ते मी विसरू शकत नाही. “भोक पार बुजवलंय मी, हातभर चिखल ठासलाय. तुमी म्हणा, आत्ता फोडतो. काय करू?”

हो म्हणायला काय लागलं असतं. होडीवाल्यानं नाव सांगितलं होतं, नळीनं सांगितलं होतं, आणि नातीनं तर सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. पण माझ्या मनात राईएवढी शंका उरली होती. समजा असलीच मण्यार. तात्यानं अंधारात हात घातला आणि त्याला चावली तर? हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं त्याहून वाईट होतं. जर ते जनावरच असेल, तर ते त्या चिखलाखाली मरून जावं असं मला वाटत होतं. माझ्या नातीच्या बोटातून रक्त काढणारं जे काही आत होतं, त्याला बाहेर सोडायची मला हिंमत नव्हती.

“ऱ्हाऊ द्या,” मी म्हणालो. “सकाळी बघू.”

मुलगा पाळी अर्धी सोडून मोटरसायकलवरून आला. रात्र आम्ही तिच्या पापण्यांकडे बघण्यात काढली. नर्स येऊन तिला उठवायची, हात वर करायला सांगायची, आणि ती चिडून हात वर करायची. तिच्या प्रत्येक चिडण्यानं मला थोडा श्वास मिळत होता. उजाडलं तेव्हा ती स्वतःच उठून बसली आणि दूध-बिस्कीट मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत ठेवू आणि सोडू.

मुलाची मोटरसायकल घेऊन मी एकटाच घरी आलो. थंडी मी म्हणत होती. तात्या शेवग्यापाशी उभाच होता, हातात खुरपं. रात्री थंडीनं चिखल वरून आवळला होता. तो खुरप्यानं कोरत गेला. त्यानं खरंच हातभर ठासला होता. बराच वेळ नुसता चिखलच निघत होता. मग भोक मोकळं झालं आणि आतून काहीच आवाज आला नाही.

“बघा तुमी,” तात्या म्हणाला.

सगळं माहीत असूनही माझा हात आत जाईना. कोपरापर्यंत गेला की आपोआप मागे यायचा. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि घातला. बोटांना पिसं लागली.

ती माझ्या तळहातावर मावली. वजन असं नव्हतंच. अंगावर शेवग्याच्या सालीसारखी नक्षी, एकेक रेघ कुणी बारीक टाकानं काढावी तशी. दोन बोटं पुढे, दोन मागे. चोचीत चिखल भरला होता. भोकाच्या तोंडाशी येऊन तिनं तो कोरायचा प्रयत्न केला असणार. मान मऊ पडली होती, जिकडे कलवावी तिकडे कलत होती. आठ दिवस मला तिला जवळून बघायचं होतं. आता बघत होतो.

तात्यानं डोक्यावरची टोपी काढली. “एवढंसं?” तो म्हणाला. “एवढ्याशाला आमी...” आम्ही कालव्याच्या कडेला खड्डा केला आणि तिला पुरलं. वहीत त्या दिवशी मी काहीही लिहिलं नाही.

दुपारी गाडी आली. नात उतरली ती बोटावरची पट्टी नाचवत थेट शेवग्याकडे पळाली. ढोलीत वाकून बघितलं. आत अंधार होता. ती माझ्याकडे वळली.

“आबा, चिऊ कुठं हाय?”

सून गाडीपाशी थांबली. तिनं खाली पडलेला चिखल बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं.

“गेली उडून,” मी म्हणालो. “तिच्या गावाला.”

“मला न सांगता?”

तात्या बांधावर उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. “व्हय, गेली,” तो म्हणाला. “सकाळीच गेली. मी बघितली जाताना.”

नातीनं आमच्या दोघांवर लगेच विश्वास ठेवला.